सवड आणि वेळ

'सवड' आणि 'वेळ' हे दोन शब्द आपण बहुधा एकाच अर्थानें वापरतों. पण त्यांना जोडून येणारीं क्रियापदें पाहिलीं म्हणजे त्यांतला भेद ध्यानांत येतो. सवड मिळते, सांपडते, होते. वेळ मात्र काढावा लागतो. इतर सर्व कामें उरकल्यावर जी शिल्लक राहते ती सवड. वेळ हा आधींच बाजूला काढून ठेवावयाचा असतो. ज्याला आपण आयुष्याचें कार्य म्हणतों तें सवडीवर सोंपविणारीं माणसें आपल्या सभोंवार कांहीं थोडीं नाहींत. मुलांचीं शिक्षणें होऊं द्या, घराचें कर्ज फिटूं द्या, नोकरीतून मोकळा होऊं द्या, मग मी माझें काम हातीं घेईन, असें तीं अगदीं प्रामाणिकपणें म्हणतात. वाईट याचें वाटतें कीं, त्यांपैकीं पुष्कळांना ती सवड खरोखरच मिळते, आणि मग 'वेळ जात नाहीं' ही दुसरी तक्रार सुरू होते.

या दुखण्यावर क्षणाक्षणाचा हिशेब ठेवण्याचें औषध सांगणारे उपदेशक सर्व काळीं असतात. भिंतीवर दिनचर्येचा तक्ता लावावा, पहाटे उठावें, एक पळहि वाया दवडूं नये, असा त्यांचा उपदेश. हातांतला फोन वेळ खातो, असें आज सर्वजण म्हणतात; पण मागल्या पिढ्यांचा ओटा आणि पत्त्यांचा डाव हेहि कांहीं कमी खादाड नव्हते. मला या हिशेबी वृत्तीचें फारसें कौतुक वाटत नाहीं. तिच्या लेखीं वेळ म्हणजे पैसा. परंतु पैसा सांठवितां येतो, वेळ सांठवितां येत नाहीं. काल वांचविलेली घटका आज खर्चावयास मिळत नाहीं. शिवाय आजारी माणसाच्या उशाशीं नुसतें बसण्यांत गेलेली संध्याकाळ या हिशेबांत 'वाया' म्हणून मांडली जाते, हें तर उघड अन्यायाचें आहे. दिवसावर पहिला हक्क कोणत्या कामाचा, एवढाच प्रश्न खरा महत्त्वाचा आहे.

आधीं ध्येय निश्चित करावें आणि मग त्याला वेळ द्यावा, असा क्रम नेहमीं सांगितला जातो. अनुभव पुष्कळदां उलटा असतो. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे हे मुंबईच्या उच्च न्यायालयांत वकिली करीत. 'व्यवहारमयूख' या संस्कृत ग्रंथाची आवृत्ति संपादित करीत असतां तिच्या प्रस्तावनेंत धर्मशास्त्राचा थोडक्यांत इतिहास द्यावा, एवढीच त्यांची मूळ कल्पना होती. तो इतिहास प्रस्तावनेंत मावेना. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें त्याचा पहिला इंग्रजी खंड १९३० सालीं प्रसिद्ध केला तेव्हां काणे ५० वर्षांचे होते. पांचवा खंड १९६२ सालीं पुरा झाला तेव्हां ते ८२ वर्षांचे होते. पृष्ठसंख्या साडेसहा हजारांच्या घरांत गेली. मधल्या काळांत वकिली होती, १९४७ ते १९४९ मुंबई विद्यापीठाचें कुलगुरुपद होतें, पुढें राज्यसभेचें सभासदत्व होतें. एवढें काम सवडीवर विसंबून पुरें होणें शक्यच नव्हतें. पण त्याहून मला विशेष वाटतें तें हें कीं, त्याचा संपूर्ण पल्ला आरंभीं त्यांनाहि दिसला नव्हता. हातांतल्या लहान कामाला त्यांनीं रोजचा वेळ दिला, आणि वेळ मिळत गेला तसतसें तें काम आपलें खरें आकारमान दाखवूं लागलें. ध्येय सांपडेपर्यंत स्वस्थ बसणाऱ्याला हा अनुभव कधींच येत नाहीं.

यावर कोणी लोकमान्यांचें उदाहरण पुढें करील. १९०८ सालीं सहा वर्षांची शिक्षा झाल्यावर मंडालेच्या तुरुंगांत त्यांना एकान्त मिळाला, आणि १९१०-११ च्या हिवाळ्यांत अवघ्या पांच महिन्यांच्या आंत 'गीतारहस्या'चें हस्तलिखित तयार झालें. तेव्हां सवडीवांचून मोठें कार्य होत नाहीं, असा युक्तिवाद करतां येईल. परंतु गीतेशीं त्यांचा परिचय १८७२ सालचा, मरणोन्मुख वडिलांना ती वाचून दाखवीत असतांनाचा. पुढें शाळा निघाली, 'केसरी' निघाला, चळवळी झाल्या, खटले झाले. आणि या सर्व धामधुमींत गीतेचा विचार त्यांनीं सोडला नाहीं. त्या पांच महिन्यांमागें अडतीस वर्षें उभीं होतीं. तुरुंगानें टिळकांना सवड दिली. ग्रंथ दिला नाहीं.

येथवर उदाहरणें झालीं तीं पुरुषांचीं, आणि हें केवळ योगायोगानें घडलेलें नाहीं. घरांतला कर्ता पुरुष सकाळचे दोन तास अभ्यासाला बसतो, तेव्हां ते दोन तास त्यानें एकट्यानें काढलेले नसतात. चहा मेजावर येतो, मुलें गप्प केलीं जातात, दारीं आलेल्या पाहुण्याला परस्पर बोलून वाटेला लावलें जातें. त्याच्या वेळांत दुसऱ्या कोणाचा तरी वेळ मुरलेला असतो. रमाबाई रानडे १८७३ सालीं अकराव्या वर्षीं सासरीं आल्या. माधवरावांनीं त्यांना शिकविण्याचें मनावर घेतलें, पण घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांना तें रुचलें नाहीं. दिवस घरकामाचा आणि बोलण्यांचा, शिकणें रात्रीं. १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठवणी या दृष्टीनें वाचाव्यात. वेळ काढणें म्हणजे कोणाच्या तरी हातून तो सोडवून घेणें, हें त्यांत पानोपानीं दिसतें. पुण्याच्या सेवासदनांत प्रौढ स्त्रियांना शिकविण्याचें काम त्यांनीं पुढें अंगावर घेतलें, यांत मला नवल वाटत नाहीं; कारण त्या स्त्रियांचा वेळ कोठें अडकला आहे हें त्यांना पुस्तकांतून समजून घ्यावें लागलें नव्हतें.

म्हणून आपल्या आयुष्याचें कार्य करूं इच्छिणाऱ्यानें, मी वेळ कोठून काढणार, या प्रश्नाबरोबरच तो कोणाच्या वेळांतून काढणार, हेंहि स्वतःला विचारलें पाहिजे. आज सुशिक्षित घरांत नवराबायको दोघेंहि मिळवितात, आणि समता आली असें आपण समजतों. पण परीक्षेच्या दिवसांत मुलाच्या खोलीचें दार लावून घेतलें जातें आणि सर्व घर दबक्या पावलांनीं चालतें. त्याच घरांतली आई एखाद्या संध्याकाळीं, मी आतां तासभर तंबोरा घेऊन बसणार आहें, असें म्हणाली, तर तिला मिळणारें उत्तर आपल्या सर्वांना पाठ आहे: सवड होईल तेव्हां बस कीं!