ओळखीचं आणि आपलं

“तिथून? तिथे वास येतो.” कॅलिफोर्नियातल्या आमच्या मंडळाच्या गणपतीसाठी केळीची पानं कुठून आणायची अशी चर्चा चालू होती, मी चिनी दुकानाचं नाव घेतलं आणि एका काकांनी हे उत्तर दिलं. काका मंडळासाठी मनापासून राबणारे, मनाने चांगले. तरी ते वाक्य मला सलत राहिलं. ज्या वासाबद्दल ते बोलत होते त्यात मी वाढले. वेंगुर्ल्याच्या बंदरावर सकाळी तोच असतो. मुंबईत भाड्याने घर शोधणाऱ्या मासेखाऊ माणसाला कित्येक सोसायट्यांच्या दारात हेच वाक्य याच सुरात ऐकावं लागतं.

परदेशात आपल्या जिनसा शोधत फिरण्याच्या कहाण्या सर्वांनी वाचल्या आहेत. मिरची, बटाटा, शेंगदाणा, साबुदाणा ही सगळी अमेरिका खंडांची देणगी, हेही आता शाळकरी मुलं सांगतात. मला बोलायचंय ते एका गल्लतीबद्दल. ओळखीचं आणि आपलं हे आपण एकच धरून चालतो.

मी कॅलिफोर्नियात कुपर्टिनोजवळ राहते. इथल्या भारतीय दुकानात गेलं की सगळं आपलं: राजमा, छोल्यांचे मसाले, पनीर, खाकरे, गोठवलेले पराठे. यातलं माझ्या आईच्या स्वयंपाकघरात काय होतं? जवळजवळ काही नाही. दोष कुणाचाच नाही. १९६५च्या कायद्याने अमेरिकेची दारं उघडली, १९७४ साली शिकागोच्या डेव्हन अव्हेन्यूवर पटेल बंधूंनी दुकान थाटलं, आणि पुढे गावोगावी जी भारतीय दुकानं निघाली त्यांतल्या पुष्कळांचा घाट गुजराती, शाकाहारी घराचा राहिला. ज्यांनी कष्ट उपसले त्यांच्या घरातलं आधी आलं.

चिनी दुकानात उलटं होतं. पाटी वाचता येत नाही, पण वस्तू ओळखता येतात. लाल माठ, हातभर लांब चवळीच्या शेंगा, शिराळी, दुधी, अळकुड्या, केळफूल. कारली फिकट आणि गुळगुळीत, पण कारलीच. सुकी कोळंबी पोत्यांत. बर्फावर पापलेट, टाकीत जिवंत खेकडे. मासे साफ करण्याचे प्रकार फलकावर आकड्यांनी लिहिलेले असतात. आकडा सांगितला की डोकं ठेवून किंवा काढून, हवा तसा मासा हातात येतो, आणि भाषेवाचून अडत नाही. गोठवलेल्या मालाच्या कपाटात केळीची पानं असतात, आणि कधीकधी बोंबीलसुद्धा. चीनमधल्या झेजियांग आणि फूजियानच्या किनाऱ्यावर बोंबील आवडीने खातात, पिठात घोळवून कुरकुरीत तळतात. भातखाचरं, धो धो पाऊस आणि खाऱ्या पाण्याचा काठ जिथे आहे तिथे साधारण हेच उगवतं आणि हेच जाळ्यात येतं. माझ्या आईचं स्वयंपाकघर अमृतसरच्या बाईपेक्षा फूजियानच्या बाईला लवकर समजलं असतं, असं मला खरोखर वाटतं.

काकांचं म्हणणं, आपलं ते आपल्याच दुकानातून घ्यावं, त्याची खात्री असते. पण ज्या गोड्या मसाल्याचा डबा ते पुण्याहून जिवापाड जपून आणतात, त्यातलं चक्रीफूल हे मुळात दक्षिण चीन आणि उत्तर व्हिएतनामचं झाड. ते काढून टाकून काकांनी एकदा आमटी करून पाहावी.

इथे मला तिरफळाबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. सिचुआनची मिरी, जिला चिनी लोक ह्वाज्याव म्हणतात, ती तिरफळाची सख्खी नातलग आहे. दोन्ही झँथॉक्सिलम प्रजातीतल्या, लिंबाच्या कुळातल्या. दोन्हींत काळी बी टाकून द्यायची आणि साल वापरायची, दोन्हींनी जिभेला झिणझिण्या येतात. मिरची येण्याच्या कितीतरी आधीपासून त्या आपापल्या डोंगरांत होत्या. सोळाव्या शतकात मिरची दोन्ही देशांत पोचली आणि पुढे दोन्हीकडच्या बायकांनी, एकमेकींना न विचारता, तिची यांच्याशी जोडी जमवली. अमेरिकेत १९६८ ते २००५ या काळात ह्वाज्यावच्या आयातीला बंदी होती, कारण संत्र्या-लिंबांच्या बागांना तिच्यातून कँकर रोग लागेल अशी भीती होती. आता ती मिळते. बांगड्याच्या तिखल्यात मी ती घालते. झिणझिणी येते, तिरफळाचा रानवट, लाकडी वास मात्र येत नाही.

इथवर लिहीपर्यंत माझं मत पक्कं होतं: ओळखीचं खरं, ‘आपलं’ ही नुसती पाटी. पण कोकमापाशी ते मत टिकत नाही. रातांबा पश्चिम घाटाचा. फूजियानला त्याची ओळख असण्याचं कारण नाही. चिनी दुकानात थायलंडच्या चिंचेचे ठोकळे आहेत, तऱ्हेतऱ्हेचे व्हिनेगर आहेत, नारळाच्या दुधाचे डबे आहेत. आमसुलं नाहीत. ती भारतीय दुकानात मिळतात, आणि मिळतात ती गुजराती डाळीत कोकम पडतं म्हणून. दुकानांच्या ज्या गुजराती घाटाबद्दल मी वर कुरकुरले त्यानेच माझी सोलकढी टिकवली आहे. ओळखीचं मला आयतं मिळतं, कारण दुसऱ्या कुणीतरी स्वतःच्या भुकेपायी ते तिथवर आणलेलं असतं. ‘आपलं’ मात्र असं आयतं येत नाही. ते आपलं आहे असं पुरेशा माणसांनी म्हणावं लागतं, दुकानदाराकडे मागावं लागतं, आणि आणल्यावर विकत घ्यावं लागतं. पाटी म्हणून मी जिला बाजूला सारत होते, तिच्याशिवाय हे मागणं उभंच राहत नाही.

तिरफळ माझ्या आसपासच्या कुठल्याच दुकानात नाही. किनाऱ्याकडची आम्ही माणसं भारतीय दुकानात शिरलो की गप्प होतो, सुकट किंवा बोंबील हे शब्द तोंडातून काढत नाही, आणि मुकाट्याने चिनी दुकानाकडे वळतो. काकांसारख्यांच्या त्या एका वाक्याने आम्हाला किती लवकर गप्प बसवलं! आता मी भारतीय दुकानात गल्ल्यावर स्पष्ट विचारते: तिरफळ आणाल का, सुका जवळा आणाल का? दुकानदार सांगतात, “बेन, पेटी मागवावी लागेल, घेणारे किती आहेत ते सांगा.” त्यांचं म्हणणं रास्त आहे. घेणाऱ्यांची नावं मी गोळा करते आहे, मालवणची, गोव्याची, कारवारची. आणि बांगड्यात तिरफळ घालणारी मंगळूरकडची जी घरं मला ठाऊक आहेत, ती मराठी बोलत नसली तरी त्यांची नावं मी सगळ्यांत आधी लिहिली आहेत.