गणले जाणे आणि ओळखले जाणे

सायंकाळी दाराशी जेवणाचे पाकीट घेऊन येणारा तरुण आपण सर्वांनी पाहिला आहे. पाकीट घ्यावे, मोबाइलवर तारे द्यावेत आणि दार लावावे, इतकाच आपला त्याचा संबंध. पाच वर्षांनी हा तरुण कोठे असेल, असा विचार आपल्या मनात कधी येतो काय?

नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ साली देशात अशा प्रकारचे सुमारे ७७ लाख कामगार होते. २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील, असा अंदाज आहे. अॅपवरील कामगाराला काम वाटून देतो, त्याची वेळ मोजतो आणि मोबदला ठरवतो तो संगणकाचा हिशेब. त्यालाच अल्गोरिदम म्हणतात.

आपण म्हणाल, यात वाईट काय? जुना मुकादम तोंड पाहून काम देई, आडनाव विचारी. यंत्र तसे करीत नाही. हे पुष्कळ अंशी खरे आहे; पण तारे देणारी माणसेच असतात, आणि त्यांचा राग-लोभ त्या हिशेबात उतरतोच. शिवाय तोंड न पाहणे म्हणजे न्याय नव्हे.

कारखान्यात हेल्परचा फिटर होई, तो कोणीतरी त्याचा हात पाहिला म्हणून. उस्ताद चूक दाखवी, अवघड काम सोपवी. येथे हजारावी फेरी पहिलीसारखीच. कंपनी बदलली की कमावलेले तारे बहुधा मागेच राहतात. वर्षानुवर्षे राबूनही त्याच्या कामाची साक्ष देणारा कोणी नसतो.

कर्नाटकाने २०२५ साली या कामगारांसाठी कायदा केला. बेळगावकडील वाचकांनी तो लक्षात ठेवावा. काम कायमचे बंद करण्यापूर्वी सामान्यतः १४ दिवसांची सूचना व लेखी कारण द्यावे लागते. हे मोठे पाऊल आहे. परंतु कायदा कारण मिळवून देईल. माणसाला हाताशी धरून पुढे नेणे त्याला जमणार नाही.

ते काम आपले आहे. हजेरीपटावरून मूल कळत नाही, हे शब्बाथशाळेच्या शिक्षकांना ठाऊक आहे. आपल्या मंडळीतही असे तरुण आहेत. "आज किती मिळाले?" एवढेच त्यांना न विचारता, "काय शिकतो आहेस?" असे विचारू या. कमाईची वही ठेवायला, आयटीआयचा किंवा जड वाहनाच्या परवान्याचा अर्ज भरायला त्यांच्याबरोबर बसू या. तारे क्षणात देता येतात. साक्ष द्यायची तर आधी माणूस ओळखावा लागतो.