पहिला शिलालेख पाहून झाल्यावर

सोलापुरातून सकाळी निघायचे, जुनी देवळे आणि कोरीव दगड पाहायचे, दुपारी कुठेतरी कडक भाकरी-शेंगाचटणी खायची आणि दिवेलागणीला परत यायचे, अशा सहलींसाठी हत्तरसंग कुडल हे आता हुकमी ठिकाण झाले आहे. शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर, भीमा आणि सीना यांच्या संगमाकाठी, संगमेश्वर आणि हरिहरेश्वर अशी दोन देवळे आहेत. सोबतचा गाईड तिथे दोन गोष्टी हमखास सांगतो. शिवाची ३५९ मुखे कोरलेले शिवलिंग, असे दुसरे कुठे नाही. आणि मराठीतला पहिला शिलालेख, शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८. दोन्ही गोष्टी सांगण्याजोग्या आहेतच, पण त्या सांगून झाल्या की मंडळी फोटो काढतात आणि गाडीकडे वळतात. ‘एकमेव’ आणि ‘पहिला’ हे शब्द ऐकले की पाहणे उरकले असे वाटू लागते. या सहलींवर माझा आक्षेप आहे तो एवढाच, आणि तो वाटतो तितका किरकोळ नाही.

पहिलेपणाचा मान किती फिरता असतो ते बघा. मराठीचा आद्य शिलालेख म्हणून श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी असलेल्या ओळी कितीतरी वर्षे पाठ्यपुस्तकांत होत्या. त्यातली एक ओळ तर बाराव्या शतकातल्या गंगराजाची आहे. मग सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांच्या कामामुळे कुडलच्या लेखाकडे लक्ष गेले आणि मान इकडे आला. अलिबागजवळच्या आक्षीच्या लेखावरचा शक काही अभ्यासक ९३४ असा वाचतात, काहींना ते वाचन मान्य नाही. उद्या एखाद्या गावाच्या वेशीत आणखी जुना दगड निघाला तर कुडलने काय गमावले? गाईडच्या सांगण्यानुसार सगळेच. खरे पाहता काहीच नाही. सभामंडपाच्या तुळईवरचा तो अडीच ओळींचा लेख आहे तिथेच राहील, आणि त्याच्या शेवटी जे म्हटले आहे, की हे वाचील तो विजयी होईल, तेही तसेच राहील. कोरणाऱ्याने वाचणाऱ्याला आशीर्वाद दिला आहे. आपण तो लेख न वाचता त्याचा नंबर लावतो.

वाचू लागलो तर लगेच प्रश्न पडतो: १०१८ साली इथे राज्य कोणाचे? कल्याणीच्या चालुक्यांचे, ज्यांचा कारभार मुख्यतः कन्नडात आणि संस्कृतात चाले. धारवाडचे श्रीनिवास रित्ती आणि आनंद कुंभार यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या शिलालेखांचा संग्रह १९८८ मध्ये मिळून प्रसिद्ध केला, त्यातले बहुतेक लेख कन्नड आहेत. ज्या सिद्धरामेश्वरांनी सोलापूरचा तलाव खोदवला, त्यांची वचनेही कन्नडच. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात १२३७ सालचा लेख होयसळ राजा सोमेश्वराचा आहे. त्यानंतर जेमतेम चाळीस वर्षांत, १२७३ ते १२७७ दरम्यान, यादव रामचंद्राच्या काळात त्याच मंदिराला देणग्या देणाऱ्यांची लांबलचक यादी कोरली गेली आणि तिच्यात मराठी ठळकपणे आली. एका जिल्ह्याच्या दगडांवर मराठी अशी पायरीपायरीने वर येताना दिसते. कुडलचा लेख हा या चढाचा एक टप्पा आहे, तो एकटा उचलून व्यासपीठावर ठेवला की चढ दिसेनासा होतो. यावर कोणी म्हणेल, हा मराठीचा मान कमी करण्याचा उद्योग आहे. मला उलटे वाटते. ज्या मुलखात राजाची भाषा दुसरी होती तिथे कोणीतरी देवळाच्या तुळईवर मराठी कोरली, हे पहिलेपणापेक्षा जास्त नवलाचे आहे. पण ते नवल वाटण्यासाठी शेजारचे कन्नड लेख ठाऊक असावे लागतात, आणि ज्या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एकाच गल्लीत बोलल्या जातात त्या शहरातल्या गाईडला हे सांगणे जड जाऊ नये.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: लोक विरंगुळ्याला येतात, बरोबर लहान मुले असतात, वेळ थोडा, त्यांना चालुक्य-यादवांचा तास कशाला? शिवाय ‘पहिला’ म्हटल्यामुळेच तर लोक येतात, रस्ता होतो, गावात चार पैसे येतात. हे मान्यच करायला हवे. पण ती पाटी दारापर्यंत आणण्यापुरती आहे, आत गेल्यावर तिचे काम संपले. थोड्या वेळात चुकीचेही भरपूर सांगितले जाते. चुना न वापरता रचलेले प्रत्येक जुने देऊळ गाईडच्या तोंडी हेमाडपंती असते. हेमाडपंत तेराव्या शतकातला, यादवांचा मंत्री, आणि कुडलचा लेख त्याच्या दोनशेहून अधिक वर्षे आधीचा. हे एक वाक्य सांगायला कितीसा वेळ लागतो? मुलांचे म्हणाल तर या भागातल्या अनेक गावांच्या वेशीवर, मारुतीच्या पाराशी, वीरगळ उभे असतात. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि कपाळपट्टीवर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ही कीर्ती राहो. खालून वर वाचायची ही चित्रकथा दहा वर्षांच्या पोराला पाच मिनिटांत कळते, आणि मग पुढच्या गावात ते स्वतःच बोट दाखवते. ३५९ मुखे मोजून अशी नजर येत नाही. तरी सहलीची गाडी अशा वेशीवरून थेट निघून जाते, कारण तिथल्या दगडाला ‘पहिला’ म्हणता येत नाही.

श्रद्धेचा आक्षेप राहतो, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. देऊळ हे देवाचे ठिकाण, तिथे शके आणि राजवटी काढत बसणे हा कोरडेपणा, असे म्हणणाऱ्याला टाळता येत नाही. संगमेश्वर आजही पुजला जातो, तो वस्तुसंग्रहालयातला नमुना नाही. परंतु भाविकाने आणि अभ्यासकाने एकाच दगडाचे काय केले ते पंढरपुरातच दिसते. देणगीदारांच्या यादीच्या त्या शिळेला लोक चौऱ्यांशीचा लेख म्हणतात. तिला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींच्या फेऱ्यातून सुटका होते, या समजुतीने पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी पाठी घासल्या आणि अक्षरे झिजली. त्यांना अज्ञानी ठरवणे सोपे आहे. पण त्या शिळेवर नावे आहेत ती देवासाठी पदरचे धन देणाऱ्यांचीच. पाठ घासणाऱ्याला कोणी ती यादी वाचून दाखवली असती, तर आपल्यासारख्याच माणसांची नावे आपण पुसतो आहोत हे त्याला कळले असते, आणि मला वाटते, त्याने हात जोडून पाठ बाजूला घेतली असती.