मुलांचे मन आणि राहुलाचा आरसा



आपण धम्मदीक्षा घेतली. घरातले जुने देव उतरवले आणि त्या जागी तथागतांची व बाबासाहेबांची प्रतिमा बसवली. त्रिशरण-पंचशील पाठ केले, मुलांना शाळेत घातले. हे सारे योग्यच झाले. पण आज मला तुम्हाला एक साधा प्रश्न विचारायचा आहे. तुमचे मूल संध्याकाळी शाळेतून घरी येते, तेव्हा तुम्ही त्याला पहिल्यांदा काय विचारता? "मार्क किती पडले?" "गृहपाठ झाला का?" बहुतेक घरांत हेच विचारले जाते. "आज तुला कुणी दुखवले का? आज तू कुणाला दुखवलेस का?" असे विचारणारी घरे किती?

मार्कांना किंमत नाही असे मी म्हणत नाही. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, ती आपली मुले उच्च शिक्षणात मागे राहू नयेत म्हणूनच. परंतु शिक्षणाला शीलाची जोड हवी, हाही त्यांचाच आग्रह होता. प्रज्ञा, शील आणि करुणा ही तिन्ही एकत्र हवीत. प्रज्ञेची परीक्षा शाळा वर्षातून दोनदा घेते. शील आणि करुणा यांची परीक्षा मात्र रोज होते. ती बाकावर होते, मैदानावर होते, पाण्याच्या नळापाशी होते.

नळापाशी म्हटले की साताऱ्याची आठवण होणारच. १९०० साली बालभीम साताऱ्याच्या हायस्कुलात दाखल झाले. वर्गात त्यांना वेगळे बसावे लागे, आणि बसायचे ते घरून आणलेल्या गोणपाटावर. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसला तर पाणी नाही. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे, आणि लिहिले केव्हा? १९३५-३६ च्या सुमारास. तोवर ते परदेशातल्या मोठमोठ्या पदव्या घेऊन आले होते, बॅरिस्टर झाले होते, वयाची चाळिशी ओलांडली होती. तरी ती तहान ते विसरले नव्हते. यावरून ओळखा, लहानपणी मनावर उठलेला वळ किती खोल जातो.

आज गोणपाट गेले. पण वळ उठवण्याची साधने संपलेली नाहीत. शिष्यवृत्तीच्या फॉर्मासाठी भर वर्गात नावे पुकारली जातात आणि मागच्या बाकावरून हसू ऐकू येते. आडनाव विचारून झाल्यावर एखादा मित्र डबा वाटून घ्यायचे बंद करतो. मूल घरी येते, दप्तर कोपऱ्यात टाकते आणि गप्प बसते. आपण म्हणतो, "तोंड का पाडलेस? सहन कर, शिकून मोठा हो, म्हणजे सगळे नीट होईल."

बंधूंनो, हा सल्ला प्रेमाचा आहे, पण अपुरा आहे. ज्या ओझ्याखाली मोठी माणसे वाकली, ते दहा वर्षांच्या पोराने एकट्याने का उचलावे? गिळलेला अपमान पोटात राहतो. तो कधी अभ्यासावरचे लक्ष उडवतो, कधी धाकट्या भावंडावर हात उगारायला लावतो, आणि कधी शाळाच सोडायला लावतो.

मग धम्म काय सांगतो? तथागतांनी आपल्या राहुलाला काय शिकवले ते पाहा. राजगृहाजवळ अंबलठ्ठिका येथे राहुल राहत होता. त्या वेळी तो सात वर्षांचा होता, असे परंपरा सांगते. तथागतांनी भांड्यात थोडे पाणी ठेवून, मग ते सांडून, मग भांडे पालथे करून दाखवले. जो जाणूनबुजून खोटे बोलतो आणि त्याची लाज बाळगत नाही, त्याचे श्रमणपण असेच रिकामे असते, हे त्या बालकाला डोळ्यांनी दिसले. नंतर त्यांनी विचारले, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणाला, पाहण्यासाठी. तसेच तू आपले कर्म पाहात जा, असे तथागतांनी सांगितले. करण्याआधी पाहा, करताना पाहा, केल्यावर पाहा. याने मला, दुसऱ्याला किंवा दोघांना दुःख होते का? चूक झाली असेल तर जाणत्याजवळ मोकळेपणाने सांग आणि पुढे जप. बरे केले असेल तर आनंदात राहा.

पुढे राहुलाला त्यांनी चार भावनाही शिकवल्या. मैत्रीने द्वेष जातो. करुणेने दुसऱ्याला इजा करण्याची इच्छा जाते. मुदितेने मनाची उदासी जाते. उपेक्षेने चीड जाते. इथे उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष नव्हे, मनाचा तोल. राग येऊ देऊ नकोस असे सांगून हे भागत नाही. आलेला राग ओळखावा लागतो आणि त्याचे काय करायचे ते शिकावे लागते. मैत्री म्हणजे अन्यायापुढे मान तुकवणे नव्हे. अन्यायाला अन्याय म्हणायचे, पण अन्याय करणाऱ्यासारखे व्हायचे नाही. महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी हेच करून दाखवले.

परंतु सारा भार मुलावर टाकून चालणार नाही. सिगालोवाद सुत्तात गुरूचीही पाच कर्तव्ये सांगितली आहेत. चांगले वळण लावणे, नीट समजेल असे शिकवणे, विद्या हातची राखून न ठेवणे, मित्रमंडळींत शिष्याचे नाव चांगले करणे आणि सर्व दिशांना त्याचे रक्षण करणे. शेवटची दोन पुन्हा वाचा. वर्गात मुलाचा मान राखणे आणि त्याला सुरक्षित ठेवणे हे अडीच हजार वर्षांपासून गुरूचे कर्तव्य आहे. तो गुरूचा उपकार नव्हे.

आजचा कायदाही तेच सांगतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करता येत नाही, तसाच त्याचा मानसिक छळही करता येत नाही. त्याच कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आली. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात आणि वंचित गटांतील पालकांनाही प्रमाणात जागा असते. भगिनींनो, त्या बैठकीला जा. शिक्षकांना शांतपणे सांगा, "गुरुजी, शिष्यवृत्तीची नावे वर्गात पुकारू नका, मुलांना बाजूला बोलावून सांगा." एवढ्याने एका वर्गाचे वातावरण बदलू शकते.

आणि एक गोष्ट स्वतःला विचारू. आपले मूल कुणाला हिणवत नाही ना? पारधी वस्तीवरच्या पोराला, पायाने अधू असलेल्या मुलीला ते आपल्या बाकावर जागा देते का? सर्व माणसे समान आहेत अशी प्रतिज्ञा आपण घेतली आहे. ती पोराच्या बाकापर्यंत पोचली नाही, तर दीक्षा उंबरठ्यावरच थांबली म्हणायची.

आज संध्याकाळी वंदना झाली की दिवा लगेच मालवू नका. मुलाला जवळ घ्या आणि विचारा, "बाळा, आज काय झाले?" ते बोलेल तेव्हा मध्येच उपदेश करू नका, रागावू नका. ऐका. मग आपणही सांगा, "आज कामावर मी चिडलो, ते बरे केले नाही." बापाने आपली चूक सांगितली की मुलाला आरसा धरायला वेगळे शिकवावे लागत नाही.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम.