तिखट टोपात की पानात?

घरातल्या सगळ्यांना सारखंच तिखट सोसत नाही, हे कोणीही मान्य करील. तरी चिकनचा रस्सा सगळ्यांसाठी एकाच तिखटाचा शिजतो, आणि ते तिखट बहुतेक घरांत कर्त्या पुरुषाच्या जिभेवर ठरतं. मुंबईतल्या मढच्या कोळीवाड्यासारख्या ठिकाणी हा प्रश्न पावसाळ्यात जास्त जाणवावा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, होड्या शाकारलेल्या असतात, ताजं म्हावरं दुर्मीळ होतं आणि कोंबडीवर भिस्त वाढते. म्हावऱ्याचं कालवण असलं की सोबत तळलेली तुकडी असते; पोरं आणि म्हातारी माणसं तिच्यावर निभावून नेतात. चिकनचा रस्सा भातावर पडला की ही पळवाट बंद. म्हणून माझं म्हणणं असं, की टोपातला रस्सा घरातल्या सर्वांत नाजूक पोटाला चालेल इतकाच तिखट असावा आणि पुढचं ज्याचं त्याने पानात घालून घ्यावं.

मीठ आणि मिरची वाढवता येतात, काढून घेता येत नाहीत. मिरचीतलं कॅप्सेसिन तेलात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाही. त्यामुळे जहाल रश्शात पाणी ओतलं तर चव पांचट होते आणि जळजळ बरीचशी तशीच राहते. यावर जाणती सुगरण लगेच हरकत घेईल: कोळी मसाला काय, ईस्ट इंडियनांचा बाटलीतला मसाला काय, वरून भुरभुरवायची चीज नव्हे, तेलात परतल्याशिवाय तो कच्चाच लागतो. हरकत अगदी रास्त आहे. पण तिचं उत्तर आपल्याकडे केव्हाच सापडलेलं आहे. मिसळीचा कट वेगळा मिळतो, नागपुरात पोह्यांवर तर्री मागाल तेवढी पडते, आणि कोल्हापूरच्या ताटात तांबडा आणि पांढरा रस्सा शेजारीशेजारी येतात. म्हणजे मसाला शिजवायचा, पण वेगळ्या भांड्यात. घरीही मसाला सढळ तेलात परतून, त्यात दोन पळ्या रस्सा घालून एक उकळी काढली की झणझणीत तर्री तयार होते. तिच्याशेजारी कांदा, लिंबू, उकडलेलं अंडं आणि मढच्या घरात असतोच तो भाजलेला जवळा किंवा तळून चुरलेला सुका बोंबील. चिकनवर जवळा म्हटल्यावर काहींच्या कपाळावर आठ्या पडतील. त्यांनी तो घेऊ नये, मुद्दा तोच तर आहे. ब्रह्मदेशातल्या खाऊ स्वेचा थाट असाच, नूडल्सवर नारळाच्या दुधातला चिकनचा रस्सा आणि वर घालायला वाट्याच वाट्या. अमेरिकेत यूटामधल्या मॉर्मन घरांत भातावर चिकनची दाट ग्रेव्ही ओतून अननस, खोबरं, चीज, तळलेल्या नूडल्स ज्याच्या त्याच्या मर्जीने पसरतात. या पदार्थाला नाव हवाईचं, पण ओळख यूटाचीच.

असे लाड केले तर मुलं चोखंदळ होतील, हा आक्षेप मला फारसा पटत नाही. रस्सा आणि भात सगळ्यांना एकच आहे, आणि डोळ्यांतून पाणी काढून शिकवलेली खाण्याची शिस्त टिकते असं दिसत नाही. खरा आक्षेप वेगळा आहे: कामाचा. 2019च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जात होती, पुरुषांची 97. आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुषच कमी. अशा घरात चार वाट्या वाढल्या तर त्या कोण भरणार आणि कोण घासणार, हे विचारलंच पाहिजे. ज्याला तिखट हवं त्याने तर्री करावी, ज्याला कांदा हवा त्याने तो चिरावा. हे जमणार नसेल आणि सगळं पुन्हा त्याच बाईवर पडणार असेल, तर मी सुचवलेली पद्धत खुशाल मोडीत काढावी.