साल

मोडनिंबच्या एका आबांनी शेताच्या कडेला गावठी बोरांच्या दोन ओळी धरल्या होत्या. बोर नुसती लावून भागत नाही. रोपाचं खोड पेन्सिलीएवढं झालं, की पावसाळ्यात त्यावर उमराणचा डोळा भरावा लागतो. त्या दिवसांत झाडात रस खेळत असतो. चाकूचं टोक लावलं की साल अलगद सुटते. आत डोळा सरकवायचा, वरखाली पट्टी गुंडाळायची आणि डोळा तेवढा उघडा ठेवायचा.

पहिली ओळ २०१७ च्या पावसात भरून झाली. दुसरी २०१८ वर टाकली आणि त्या वर्षी दुष्काळ पडला. बोअर आटली. आबांनी चाकू लावून पाहिला, तर साल लाकडाला धरून बसलेली, उचलायला गेलं की तुकडे पडत. पुढच्या पावसापर्यंत खोडं जाड झाली, काट्यांनी भरली.

आबा म्हणाले, "साल गेलं, की साल सुटत न्हाई."

आबांना नातूही दोन. दोघांनीही आयटीआयला टर्नरच केलं, एकाच निदेशकाच्या हाताखाली. खरं तर धाकट्याचा हात थोरल्याहून बरा. मायक्रोमीटर जॉबवर टेकवून तो रॅचेट फिरवायचा, टक् टक् आवाज आला की थांबायचा आणि माप डोळे बारीक न करता सांगायचा.

थोरला २०१९ ला पास झाला. पिंपरी-चिंचवडला अप्रेंटिस लागला, पुढं सीएनसीवर ऑपरेटर झाला, आता सेटर आहे. धाकट्याचं शेवटचं वर्ष २०२० चं. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, परीक्षा लांबली, आणि निकाल हातात आला तेव्हा कारखाने असलेलीच माणसं घरी पाठवत होते. १९६१ चा अप्रेंटिस कायदा तोच, सर्टिफिकेटही तेच. भावाभावांत फरक एका वर्षाचा.

घरी किती दिवस बसणार? धाकटा हायवेवरच्या ढाब्यात हिशोबाला बसला, मग डाळिंबाचे क्रेट गाडीत चढवू लागला. २०२३ मध्ये टेंभुर्णीच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपला मुलाखतीला गेला. मालकानं मार्कलिस्ट पाहिली, मान हलवली आणि विचारलं, "तीन वर्षं काय केलंस?"

"क्रेट उचलले, साहेब."

"मग हात बसला असेल क्रेटवर. यंदाची ताजी पोरं मिळतात मला."

मालक वाईट नव्हता. अशा वेळी बरेच मालक असाच हिशोब करतात, आणि दुखणं तिथंच आहे. जर्मनीत दोन अभ्यासकांनी ८ लाखांहून अधिक कामगारांच्या २४ वर्षांच्या नोंदी तपासल्या होत्या. सुरुवातीलाच घरी बसावं लागलेल्यांतल्या काहींची बेकारी पुढंही पाठ सोडत नव्हती. चूक त्यांची नसतानाही.

संक्रांतीच्या आधी तोच मालक बोरं न्यायला आबांच्या शेतावर आला. पहिल्या ओळीची बोरं लिंबाएवढी, दुसऱ्या ओळीची गोटीएवढी.

"ही ओळ फुकटच गेली म्हणायची, आबा."

"फुकट कशी? मुळं बघा की, तेवढीच खोल हाईत. त्या साली पानी न्हवतं, त्याला झाड काय करील?"

"आता डोळा भरता येत नाही?"

"या खोडावर न्हाई. उन्हाळ्यात बुडापासनं छाटायचं, पानी द्यायचं, नवा फुटवा आला की त्याच्यावर भरायचा. एक हंगाम माझ्या खिशातनं जातो. पर सोडून दिलं तर जल्मभर गोट्याच वेचायच्या."

तेवढ्यात बोरांची पाटी घेऊन धाकटा आला. मालकानं त्याला ओळखलं. त्यानंही मालकाला. पाटी खाली ठेवून तो काही न बोलता काट्यापाशी जाऊन उभा राहिला.

मालकानं बोरं तोलून घेतली, पैसे दिले. गाडीत बसता बसता काच खाली केली. "सोमवारी ये. तीन महिने हेल्पर, ताज्या पोरांच्या हाताखाली. चालेल?"

"चालंल, साहेब."

पोरं चार वर्षांनी लहान होती आणि पगारही त्यांच्यापेक्षा कमी होता. पहिल्या दिवशी मायक्रोमीटर हातात आला तेव्हा त्यानं रॅचेटऐवजी थिंबलच आवळलं, तेही जरा जास्तच. माप चुकलं, पोरं हसली. तिसऱ्या आठवड्यात हसायची थांबली. थोरल्याच्या पगाराशी गाठ पडायला अजून बरीच वर्षं जातील, हे त्याला ठाऊक आहे.

उन्हाळ्यात आबांनी दुसरी ओळ बुडापासून छाटली. आषाढात फुटवे पेन्सिलीएवढे झाले. पहाटे बॅटरीच्या उजेडात धाकट्यानं फांदी धरली आणि आबांनी चाकू लावला. साल सुटली. पट्टीचा दुसरा वेढा बसेपर्यंत धाकट्यानं दोनदा घड्याळ पाहिलं.

"जा तू," आबा म्हणाले. "तुझी सातची पाळी हाय. पान्याचं मी बघतो."