बसून राहणे हे वैराग्य काय?

“आता वय झाले, स्वस्थ बसा,” असे घरचे प्रेमाने म्हणतात, अन् आपण ते बसणे वैराग्य समजतो. अमेरिकेत बोस्टन येथे नव्वदीच्या दहा वृद्धांकडून आठ आठवडे पायांनी जड वजने उचलवून घेतली. ते १९९० साली प्रसिद्ध झाले. नऊजण टिकले. मांड्यांचे बळ सरासरी १७४ टक्के वाढले, दोघांची तर काठी सुटली! व्यायाम थांबताच चार आठवड्यांत बळ उतरूही लागले. (हे वैद्याच्या देखरेखीनेच हो.) मग हातची घागर काढून घेणारा मुलगा सेवा करतो, की आईचे पाय हिरावतो? देहाचे लाड नकोत, खरे. पण आपला भार दुसऱ्यावर टाकणे हे लाडच नव्हेत काय? आमच्या दिंडीतली एक आजी वळकटी स्वतःच बांधते. कुणी हात लावला की रागावते.